उपदेशकाची पारख : प्रस्तावना

ख्रिस्ती उपदेशक कोकणाला नवा नाही. स्कॉटिश मिशनने मराठी मुलखातले काम १८२३ साली सुरू केले ते मुंबईत किंवा पुण्यात नव्हे, तर सावित्रीच्या मुखावरच्या बाणकोटला. पुढे हर्णैला ठाणे झाले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन मुंबईत नाव मिळवण्याआधी याच किनाऱ्यावर मराठीचे धडे गिरवत होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक जन्माने याच जिल्ह्यातले, करजगावचे. गणपतीपुळ्याला खेटून असलेल्या मालगुंडच्या केशवसुतांना तरुणपणी नागपूरला याच टिळकांचा सहवास लाभला. त्यामुळे गणेशाच्या या क्षेत्री बसून ख्रिस्ती उपदेशकांवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला परक्याच्या अंगणात शिरल्यासारखे वाटत नाही.

या संग्रहाचा प्रश्न सरळ आहे: देवाच्या नावाने बोलणाऱ्यांतला खरा कोण आणि खोटा कोण, हे साध्या विश्वासणाऱ्याने ओळखायचे कसे? प्रश्न सरळ असला तरी तो विचारणे सोपे नाही. बाहेरच्याने विचारला की तो आरोप वाटतो, आतल्याने विचारला की फितुरी. त्यामुळे बहुतेक मंडळ्यांत तो विचारलाच जात नाही, आणि विचारला जातो तेव्हा वेळ निघून गेलेली असते. तोवर जमीन विकून झालेली असते, गोळ्या बंद करून झालेल्या असतात, किंवा प्रार्थनेला गेलेली मुलगी घरी येऊन कुणाशी बोलेनाशी झालेली असते. हा प्रश्न वेळेवर आणि न बिचकता विचारता यावा, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

पारख करणे म्हणजे अविश्वास दाखवणे, हा समज पहिल्यांदा बाजूला ठेवायला हवा. पवित्र शास्त्रच वाचकाला पारखायला बसवते. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात दोन नियम आहेत आणि ते जोडीनेच वाचायला हवेत. एक नियम म्हणतो, संदेष्ट्याने सांगितलेले घडले नाही तर ते देवाचे नव्हे. दुसरा सांगतो, चिन्ह खरे ठरले तरी तो माणूस तुम्हाला दुसऱ्याच देवामागे नेत असेल तर त्याचे ऐकू नका. म्हणजे चमत्कार फसला तर दावा पडतो, पण चमत्कार साधला म्हणून दावा सिद्ध होत नाही. आजच्या सभांमध्ये नेमका हा दुसरा नियम गाळला जातो.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही अडचण डोळ्यांसमोर घडते. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन मंदिरात उभा आहे आणि बाबेलपुढे मान तुकवा, असे सांगतो आहे. हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा लोकांदेखत ते जू काढून मोडतो आणि दोन वर्षांत सगळे बंदिवान परत येतील असे जाहीर करतो. दोघेही एकाच देवाचे नाव घेतात, दोघांची भाषाही तीच. गर्दीला हवे ते हनन्या बोलतो, नको ते यिर्मया. आणि यिर्मया काय करतो? ‘आमेन, तसेच होवो’ अशा अर्थाचे उत्तर देतो, फक्त काळाची कसोटी लावायला सांगतो आणि निघून जातो. त्या दिवशी त्या अंगणात उभ्या असलेल्या माणसाला खरेखोटे ठरवता येणे किती कठीण होते, हे ज्याला उमगले तो या विषयावर सवंग बोलणार नाही.

नव्या करारात कसोटीचा रोख माणसाच्या जगण्याकडे वळतो. येशूच्या डोंगरावरील प्रवचनाच्या अखेरीस मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांचा इशारा आहे, आणि ते फळांवरून ओळखायचे आहेत. त्याच्या लगेच पुढे, त्याच्या नावाने भुते काढणाऱ्यांना आणि अद्भुते करणाऱ्यांना ‘माझी तुमची ओळख नाही’ असे ऐकावे लागते. योहानाचे पत्र प्रत्येक आत्म्याची परीक्षा करायला सांगते. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुयाच्या लोकांचे कौतुक आहे ते यासाठी, की प्रत्यक्ष पौलाचे बोलणेही त्यांनी रोज शास्त्राशी ताडून पाहिले. पौलाला त्याचा राग आला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सांध्यावरचे ‘दिदाखे’ नावाचे एक छोटे नियमपुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टंटिनोपलला सापडली आणि १८८३ मध्ये ते छापून आले. फिरत्या उपदेशकांशी मंडळीने कसे वागावे, याची त्यातली कलमे विलक्षण व्यवहारी आहेत. पाहुणा उपदेशक एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या आवेशात पान मांडायला सांगून स्वतःच जेवायला बसला तर खोटा. शिकवतो खरे पण तसे वागत नाही, तोही खोटा. कोकणात देवळाच्या उत्सवाला येणाऱ्या कीर्तनकार बुवांनाही गाव असेच जोखत आला आहे. पूर्वरंगाला मान डोलावणारी मंडळी दुसऱ्या दिवशी विचारतात ते वेगळेच: बुवा ज्यांच्या घरी उतरले तिथे कसे वागले, आणि बिदागीवरून घासाघीस केली का? उपदेशकाची खरी परीक्षा तो व्यासपीठावरून उतरल्यावर सुरू होते, ही गोष्ट दोन्हीकडे ठाऊक आहे.

पुढच्या दोन हजार वर्षांत या कसोट्यांची निरनिराळी घराणी झाली. नवख्या वाचकाला त्यातली चार माहीत असली तरी पुरे.

पहिले घराणे अधिकाराचे. चौथ्या शतकाच्या आरंभी रोमी छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी कच खाऊन शास्त्रग्रंथ सरकारच्या हवाली केले. अशांनी दिलेला बाप्तिस्मा खरा मानायचा का, यावरून उत्तर आफ्रिकेत डोनेटसपंथीयांचा मोठा तंटा झाला. ऑगस्टिनने उत्तर दिले की संस्काराचे सामर्थ्य ख्रिस्ताचे आहे, तो देणाऱ्या माणसाच्या लायकीवर ते अवलंबून नाही. या उत्तराने भाविकाला मोठा धीर दिला: पाळक घसरला म्हणून तुझा बाप्तिस्मा वाया गेला नाही. पण याच उत्तराच्या आडोशाने, झगा अंगावर आहे तोवर माणसाला विचारायचे नाही, अशी सवयही लागू शकते.

दुसरे घराणे वचनाचे. १५१७ नंतरच्या धर्मसुधारणेने सांगितले, पोप असो वा पाळक, शास्त्राच्या कसोटीला सगळे सारखे. त्यासाठी शास्त्र लोकांच्या भाषेत हवे. मराठीत पवित्र शास्त्र आणण्यासाठी एवढी मेहनत का झाली, हे यातून कळते. तिसरे घराणे अंतःकरणाचे. इग्नेशियस लोयोलाने मनातल्या प्रेरणांची छाननी कशी करावी याची शिस्त घालून दिली. अमेरिकेत जागृतीची लाट उसळली असताना जोनाथन एडवर्ड्स यांनी १७४६ च्या ग्रंथात दाखवले की रडणे, थरथरणे, शास्त्रवचने भराभर आठवणे यांतले काहीच निर्णायक नव्हे. स्वभाव पालटला का आणि तो पालट टिकला का, ते पाहावे. चौथे घराणे सामर्थ्याचे. विसाव्या शतकातल्या पेंटेकॉस्टल चळवळीने आत्म्याची दाने, अन्य भाषा आणि रोगमुक्ती यांना मध्यभागी आणले. गरिबांना, स्त्रियांना, न शिकलेल्यांना या चळवळीने बोलायला उभे केले, हे नाकारता येणार नाही. पण सामर्थ्यालाच पुरावा मानले की तपासायला काही उरत नाही, हेही खरे.

प्रत्येक घराण्याच्या हाती कसोटीचा एकेक तुकडा आहे. पद आहे म्हणून चारित्र्य असतेच असे नाही, सिद्धांत शुद्ध असूनही माणूस लबाड असू शकतो, आणि डोळ्यांतले पाणी खरे असूनही शिकवण चुकू शकते. माझ्या मते या सगळ्यांच्या तळाशी एकच कसोटी आहे: हा उपदेशक स्वतःला तपासू देतो का? हिशेब, वर्तन, शिकवण आणि चमत्काराचा दावा, ही चारही दारे जो उघडी ठेवतो त्याच्या चुकाही सुधारता येतात. जो प्रश्नालाच पाप म्हणतो, ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ म्हणून दटावतो, त्याच्या गुणांवरही विसंबता येत नाही.

मराठी ख्रिस्ती इतिहास या कसोटीसाठी फार सधन आहे. जॉर्ज बोवेन १८४८ मध्ये अमेरिकन मिशनतर्फे मुंबईला आले आणि थोड्याच काळात मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत अगदी साधेपणाने राहू लागले. १८८८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी तो क्रम मोडला नाही. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांशी जे जाहीर वाद झाले त्यांत ख्रिस्ती बाजूने बोवेन उभे होते, आणि त्या वादांचा वृत्तांत त्यांनीच इंग्रजीत प्रसिद्ध केला. वाद कुणी जिंकला हे आपापल्या श्रद्धेप्रमाणे ज्याने त्याने ठरवावे. आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. उघड्या वाळूवर, विरोधकांच्या गर्दीत, वाटेल तो प्रश्न अंगावर घेत उपदेश करणे आणि फक्त आपल्याच माणसांपुढे, दिवे मंद करून उपदेश करणे, यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि म्हणून अधिक मोलाचे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी आपल्याच धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिन यांना, पत्रांतून हैराण करणारे प्रश्न विचारले. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, बिशपांची बंधने, काहीच त्यांनी डोळे मिटून घेतले नाही. पुढे त्याच रमाबाईंवर तपासणीची पाळी आली. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी उघडलेल्या शारदा सदनात धर्माबाबत तटस्थता राखण्याचे वचन होते. तिथल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊ लागल्या तेव्हा ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले. आपण दार उघडे ठेवून प्रार्थना करतो, कुणाला बोलावत नाही आणि अडवतही नाही, ही रमाबाईंची बाजू. पण असहाय मुलींवर नुसत्या उदाहरणाचाही दाब पडतो, ही टीकाकारांची बाजू पोकळ नव्हती. रमाबाईंना संत मानणाऱ्यानेही हा प्रश्न टाळू नये. १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली, मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, तेव्हा त्यांनी तिला दडपले नाही. पण अन्य भाषा हेच आत्म्याचे एकमेव चिन्ह, असेही त्या म्हणाल्या नाहीत; मुख्य खूण त्यांनी प्रेमात पाहिली. सामर्थ्याच्या घराण्यातच उभे राहून सामर्थ्याला मर्यादा घालणारी ही भूमिका आजही कामाची आहे.

टिळकांचे तर सगळे आयुष्यच या विषयाचा पाठ आहे. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्याचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ रोजी. पण त्यांना खेचले ते या भाकिताने नव्हे, डोंगरावरील प्रवचनाने. म्हणजे ज्याच्या शेवटी लांडग्यांचा इशारा आहे त्याच प्रवचनाने. ते वाचत, वाद घालत, मनाशी झगडत तिथवर पोहोचले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. दंभाची सालटी काढणाऱ्या तुकोबांचा वाचक सहजासहजी कुणा बुवाच्या नादी लागणारा नव्हताच.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा आपला स्वतंत्र भक्तपरिवार मांडला. परदेशी पैशावर पोसलेला उपदेश लोकांच्या मनाला भिडत नाही, ही त्यांची खंत होती. इथे एक पेच उभा राहतो. मिशनचा चाकर निदान मिशनला जाब देतो. मोकळा झालेला उपदेशक कुणाला देतो? टिळकांच्या बाबतीत याचे उत्तर घरातच होते. पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा रागीटपणा, धरसोड, हातात पैसा न टिकणे, घरच्यांचे झालेले हाल, हे सारे आहे आणि ते हसत हसत सांगितलेले आहे. तरीही पुस्तक मिटल्यावर टिळकांबद्दलचा आदर कमी होत नाही. ज्याची बायको त्याच्याविषयी इतके मोकळेपणाने लिहू शकते आणि लिहूनही त्याच्यावरचा विश्वास सोडत नाही, त्या उपदेशकाला वेगळे प्रशस्तिपत्र कशाला? मराठीतले हे अभिजात पुस्तक उपदेशकाच्या पारखीचे पुस्तक म्हणूनही वाचावे, असे मी सुचवीन. कॅथलिक बाजूला फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचे उदाहरण आपल्या काळातले. वसईच्या हरित पट्ट्यासाठी भूमाफियांविरुद्ध उभा राहिलेला, ‘सुवार्ता’ मासिकाचा हा संपादक २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, तेव्हा मंडळीबाहेरच्या महाराष्ट्रानेही त्याला पारखून घेतले होते.

हा विषय आज निकडीचा का झाला? पूर्वी उपदेशकाला गावात राहावे लागे. आता मोबाइलच्या पडद्यावरून तो घरात येतो आणि त्याचे घर मात्र आपल्याला कधी दिसत नाही. ‘बीज पेरा, शंभरपट घ्या’ हा समृद्धीचा उपदेश अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवरून निघून आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचला. दशांश देणे ही भक्ती आहे. दशांशाच्या बदल्यात कर्जमुक्तीची हमी देणे हा सौदा आहे. २०१० च्या केप टाउन परिषदेत जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांनीच या शिकवणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. पंजाबात रोगमुक्तीच्या सभांसाठी गाजलेला पास्टर बजिंदर सिंग याला २०१८ च्या बलात्काराच्या गुन्ह्यात मोहालीच्या न्यायालयाने २०२५ मध्ये जन्मठेप दिली. आणि हे फक्त चमत्कारवाल्यांतच घडते असे नाही. मद्रासला जन्मलेले रवी झकरायस हे तर्कशुद्ध मांडणीसाठी जगभर नावाजलेले. २०२० मध्ये ते वारले, आणि पुढच्या वर्षी त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या चौकशीत लैंगिक गैरवर्तनाचे आरोप खरे ठरले. त्यांच्या हयातीत संस्था त्यांची पाठराखण करत राहिली होती. शिकवण बिनचूक होती. तपासणीचे दार बंद होते.

याउलट, अमेरिकन उपदेशक बिली ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉडेस्टो गावी बसून आपणच आपल्यावर बंधने घालून घेतली: पैशाचा व्यवहार उघडा, परस्त्रीबरोबर एकांत नाही, स्थानिक मंडळ्यांची निंदा नाही, गर्दीचे आकडे फुगवायचे नाहीत. शेवटचे कलम आज व्हिडिओखालचे आकडे मिरवणाऱ्यांनी वाचावे.

महाराष्ट्रात आणखी एक ताण आहे. धर्मांतराच्या वादामुळे बाहेरून पाहणाऱ्याला प्रत्येक ख्रिस्ती उपदेशक संशयित वाटतो. त्याला उत्तर म्हणून मंडळी प्रत्येक उपदेशकाच्या पाठीशी उभी राहते, खोट्याच्याही. खोट्याला याहून सोयीचे काय असणार? बाहेरचा संशय आणि आतली पारख या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्याच्या भीतीने दुसरी सोडून देणे हे आत्मघाताचे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेला जादूटोणाविरोधी कायदा कोणत्याही एका धर्मासाठी नाही. चमत्काराच्या नावाने लुबाडणे, साप किंवा विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवणे हे गुन्हे करणाऱ्याच्या हातात कोणता ग्रंथ आहे, ते कायदा विचारत नाही. ख्रिस्ती वाचकाने या कायद्याला शत्रू मानण्याचे कारण नाही.

जुन्या संघटित मंडळ्यांनी मात्र स्वतंत्र उपदेशकांच्या चुका पाहून ऐट करू नये. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत समित्या, लेखापरीक्षण, बिशप अशी उतरंड आहे. कॅथलिक धर्मप्रांतांत ती त्याहून जुनी. पण मिशनच्या जमिनींवरून चालणारे कज्जे सर्वांना ठाऊक आहेत. आणि एखाद्या छोट्या स्वतंत्र मंडळीचा पाळक दर महिन्याला जमाखर्च वाचून दाखवत असेल, तर त्याच्या पाटीवर मोठे नाव नाही म्हणून तो कमी ठरत नाही.

हे पुस्तक कुणा हयात उपदेशकाला खरा-खोटा ठरवून शिक्का मारत नाही. तो मोह संपादकांनी टाळला, हे योग्यच झाले. नावांची यादी सहा महिन्यांत शिळी होते, आणि वाचक स्वतः पारखायचा थांबतो. इथल्या लेखांत शास्त्राचे वाचन आहे, इतिहासातली माणसे आहेत, कायद्याची ओळख आहे आणि फसलेल्यांशी मंडळीने कसे वागावे याचा विचार आहे. लेखक निरनिराळ्या परंपरांतले असल्याने त्यांचे एकमत नाही. रोगमुक्तीच्या प्रार्थनेबद्दल तर दोन लेख सरळसरळ आमनेसामने उभे आहेत. वाचकाने ती धुसफूस गैरसोय मानू नये.

वाचून झाल्यावर निदान काही प्रश्न हाताशी राहावेत. अर्पणाचा हिशेब उपदेशकाच्या घरच्यांखेरीज आणखी कोण पाहते? बरे झाल्याची साक्ष देणाऱ्याला वर्षभराने कुणी भेटते का? आजाऱ्याला तो प्रार्थनेबरोबर औषध चालू ठेवायला सांगतो का? मंडळी सोडून गेलेल्यांबद्दल तो कसा बोलतो? त्याला ‘चुकलात’ म्हणू शकेल असा एक तरी माणूस त्याच्याजवळ आहे का? यातला एकही प्रश्न विचारायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही. प्रत्येक मंडळीने तो आपल्या पाळकाला समोरासमोर आणि आदराने विचारावा. विश्वासू पाळकाला त्यात अपमान वाटणार नाही. बिरुयाच्या लोकांपुढे पौलालाही वाटला नव्हता.

गणपतीपुळे, जि. रत्नागिरी